पाझर आपोआप लागत नाही
मंदी, बेकारी भत्ता आणि कामाची हमी



आपण गेल्या वर्षी पाठवलेल्या मदतनिधीतील काही रक्कम अजून शिल्लक आहे. ती कशी वापरावी हे ठरवण्यासाठी फेब्रुवारीतल्या एका रविवारी उपासनेनंतर आमच्या समितीची बैठक झाली. बैठक तासाभराची ठरली होती, ती दुपारच्या जेवणापर्यंत लांबली. कारण दोन मते पडली.

आमच्या मंडळीतले एक वडील हिंगण्याच्या एमआयडीसीत छोटा कारखाना चालवतात. ते म्हणाले, "ताई, वाटून टाकलेले पैसे महिन्यात संपतात. जो चार लोकांना काम देतो त्याच्या हाती द्या. तो टिकला तर त्याची माणसे टिकतील." महिला मंडळाच्या एका भगिनीने लगेच उत्तर दिले, "मालकापर्यंत पोचलेला पैसा मजुरापर्यंत कधी पोचतो, काका? ज्याचे काम गेले त्यालाच द्या." दोघांच्याही मनात खोट नव्हती. हाच वाद दिल्ली-मुंबईत मोठमोठे अर्थतज्ज्ञ घालत आहेत. तो सोप्या भाषेत मांडावा असे समितीने मला सांगितले. माझे शिक्षण धर्मशास्त्राच्या पदविकेपर्यंतचे. अर्थशास्त्र मी शिकले ते या भागातल्या गोंड कुटुंबांबरोबर काम करताना. म्हणून जेवढे समजले तेवढेच लिहिते.

मंदी म्हणजे काय?

सलग दोन तिमाह्या देशाचे उत्पादन घटले की तांत्रिक भाषेत त्याला मंदी म्हणतात. 2020 च्या एप्रिल ते जून या तिमाहीत आपल्या देशाचे उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत जवळपास एक चतुर्थांशाने घटले. त्यानंतरच्या तिमाहीतही ते घटलेलेच राहिले.

कन्हानमध्ये बसून हे समजायला आकड्यांची गरज पडत नाही. घरांची बांधकामे थांबली, म्हणून विटांची मागणी थांबली. भट्टी थंड पडली, म्हणून रामटेक आणि पारशिवनी तालुक्यांतून आलेली कुटुंबे घरी परतली. ती परतली, म्हणून इथल्या किराणा दुकानदाराची विक्री घटली आणि त्याने पोऱ्या कमी केला. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते. सगळ्यांनी एकाच वेळी हात आखडला की सगळ्यांचीच कमाई आखडते. यात कुणा एकाचा दोष नसतो, पण घाव सगळ्यांत आधी बसतो तो रोजंदारीवाल्याला.

मग ही साखळी कुठून पुन्हा सुरू करायची, वरून की खालून? वाद एवढाच आहे.

वरून खाली: झिरपण्याचा सिद्धांत

वडिलांच्या मताला इंग्रजी वर्तमानपत्रे 'ट्रिकल-डाऊन' म्हणतात. मराठीत झिरपण्याचा सिद्धांत म्हणता येईल. वरच्यांच्या हाती पैसा राहू द्या. ते कारखाने काढतील, माणसे घेतील आणि समृद्धी झिरपत खालपर्यंत येईल, असा हा विचार. अमेरिकेत 1932 च्या महामंदीत विल रॉजर्स या विनोदी लेखकाने या कल्पनेची थट्टा केली होती. पुढे 1981 नंतर त्याच देशात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी श्रीमंतांवरील कर बराच कमी केला, तेव्हा हा शब्द पुन्हा गाजला.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण 20 सप्टेंबर 2019 चे. केंद्र सरकारने कंपन्यांवरील मूळ कर 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आणला आणि नव्या कारखानदारीसाठी तो 15 टक्के ठेवला. सरकारनेच त्या वेळी सांगितल्याप्रमाणे यामुळे वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागणार होता. 2020 च्या मे महिन्यात लघुउद्योगांना तारणाशिवाय 3 लाख कोटींचे कर्ज मिळावे, यासाठी सरकारने हमी दिली. तोही याच दिशेचा उपाय.

या विचाराला तुच्छ लेखू नये. बंद पडलेला कारखाना पुन्हा उभा करणे किती अवघड असते, हे कन्हानकरांना सांगायला नको. इथल्या बंद गिरण्या-कारखान्यांच्या भिंती आपण रोज पाहतो. आमच्या वडिलांनी टाळेबंदीच्या दोन महिन्यांत स्वतःच्या बचतीतून कामगारांना अर्धा पगार दिला. कर्ज मिळाले नसते तर त्यांनाही कुलूप लावावे लागले असते.

पण मी त्यांना एक प्रश्न विचारला. "काका, उद्या तुमचा कर आणखी कमी झाला तर तुम्ही आणखी दोन माणसे घ्याल?" ते थोडा वेळ गप्प बसले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "ऑर्डर आल्या तर घेईन. ऑर्डर नसतील तर बँकेचे देणे आधी फेडेन."

खरी मेख इथे आहे. मालक माणूस कामावर घेतो तो गिऱ्हाईक असते म्हणून. मंदीत नेमके गिऱ्हाईकच नाहीसे झालेले असते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी 2015 मध्ये अनेक देशांचे आकडे तपासले. देशाच्या उत्पन्नातला वरच्या 20 टक्के लोकांचा वाटा एका टक्क्याने वाढला, तर पुढच्या पाच वर्षांत आर्थिक वाढीचा दर 0.08 टक्क्याने कमी होतो, असे त्यांना आढळले. हाच वाटा खालच्या 20 टक्क्यांचा वाढला तर दर 0.38 टक्क्याने वाढतो. कारण साधे आहे. गरिबाच्या हाती आलेला रुपया त्याच आठवड्यात बाजारात जातो.

खालून वर: बेकारी भत्ता

मग ज्याचे काम गेले त्यालाच पैसे का देऊ नयेत? अनेक देशांत ही सोय आहे. कामगार आणि मालक काम चालू असताना विम्याचा हप्ता भरतात आणि काम सुटले की काही महिने ठरावीक रक्कम मिळते. चूल पेटती राहते आणि दुकानेही चालतात.

आपल्या देशात याच्या जवळ जाणारी एक योजना आहे. राज्य कामगार विम्याची, म्हणजे ईएसआयची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 मध्ये सुरू झाली. काम सुटलेल्या विमाधारकाला 90 दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या 25 टक्के रक्कम मिळायची. महामारीमुळे 2020 मध्ये ती 50 टक्के केली. आपल्या मंडळीत कुणाचे कारखान्यातले काम सुटले असेल आणि पगारातून ईएसआय कापले जात असेल, तर त्यांनी जरूर चौकशी करावी.

परंतु वीटभट्टीवरच्या गोंड मजुराच्या पगारातून ईएसआय कापले जात नाही. त्याला पगारपत्रकच नसते. त्याच्याकडे असते ती उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, आणि ती फेडण्यासाठी थापायच्या विटा. ज्याची नोकरी कुठल्याही कागदावर नव्हती, त्याची बेकारी कोणत्या कागदावर दाखवायची?

शासनाने 2020 मध्ये आदिवासी कुटुंबांसाठी पूर्वीची खावटी कर्ज योजना बदलून 4,000 रुपयांचे खावटी अनुदान जाहीर केले. त्यात निम्मी रक्कम रोख आणि निम्म्याच्या वस्तू. ही मदत हवीच होती, पण ती एकदाच मिळणारी होती. आम्ही वाटलेल्या धान्याच्या पिशव्याही तशाच. देवलापारकडच्या एका पाड्यावर एका बाईने पिशवी घेतली, आत काय आहे ते पाहिले आणि मला म्हणाली, "ताई, हे पंधरा दिवस जाईन. मंग? आमाले काम सांगा ना." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण मी वाटलेल्या पिशव्यांची संख्या अहवालासाठी लिहून घेत होते, ती वही मी मिटली.

महाराष्ट्राने शोधलेली तिसरी वाट

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्यात 50 हून अधिक वर्षांपूर्वी शोधले गेले होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे एक प्रयोग करवला: जो काम मागेल त्याला काम द्यायचे. 1972 च्या दुष्काळात मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात ही कल्पना राज्यभर नेली गेली. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या 50 लाखांच्या आसपास पोचली होती. सुकडी खाऊन खडी फोडलेली माणसे आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असतील. पुढे 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागूनही काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, हे त्या कायद्यातच होते.

यासाठी पैसा कुठून आला? आपल्यापैकी जे नोकरी करतात त्यांनी या महिन्याची पगाराची पावती पाहावी. त्यात 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असते. बहुतेकांचे महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाला 2,500 रुपये कापले जातात. हा कर 1975 मध्ये रोजगार हमीसाठीच सुरू झाला. शहरातल्या पगारदाराने थोडे द्यायचे, तेवढीच भर सरकारने घालायची आणि खेड्यातल्या मजुराला काम मिळायचे. म्हणजे हा पैसा वरून खालीच आला, पण तो आपोआप झिरपेल या भरवशावर कुणी बसले नाही. त्यासाठी कायद्याने पाट काढून दिला.

हाच विचार पुढे देशाने उचलला. 2005 मध्ये राष्ट्रीय कायदा झाला. त्यालाच आपण मनरेगा म्हणू लागलो. तो फक्त ग्रामीण भागासाठी होता. त्यातल्या मुख्य तरतुदी अशा होत्या:

• प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवस कामाची हमी. वनहक्काचा पट्टा मिळालेल्या आणि दुसरी खासगी जमीन नसलेल्या आदिवासी कुटुंबांना 150 दिवस.

• मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम. काम गावापासून 5 किलोमीटरच्या आत. त्याहून लांब असेल तर मजुरी 10 टक्के जास्त.

• 15 दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता. पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, त्यानंतर किमान निम्मा.

• 2020-21 मध्ये महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला 238 रुपये होती. म्हणजे भत्ता आधी किमान 59 रुपये 50 पैसे आणि नंतर किमान 119 रुपये.

आमची चूक

इथे मला एक कबुली द्यायची आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही तीन गावांतून कामाची मागणी गोळा केली. साध्या कागदावर नावे लिहिली, अंगठे घेतले आणि तो कागद पंचायतीत देऊन आलो. 'बघतो' असे उत्तर मिळाले. महिना गेला, पाऊस लागला, काम निघाले नाही. भत्ता मागायला गेलो तेव्हा विचारणा झाली: मागणी कधी केली? आमच्याकडे पोच नव्हती. कायद्याचे 15 दिवस मोजायचे ते पोचपावतीवरच्या तारखेपासून. आमच्या अर्जाला तारीखच नव्हती, म्हणून ते 15 दिवस कधी सुरूच झाले नाहीत.

दोष माझा होता. मला कायद्याचा हेतू माहीत होता, पण मी अर्जाचा नमुना माहीत करून घेतला नव्हता. त्याची किंमत त्या कुटुंबांनी मोजली. पावसाळ्यात त्यांतल्या काहींनी पुन्हा भट्टीवाल्याकडून उचल घेतली, तीही आदल्या वर्षीपेक्षा कमी दराने. गावात दुसरे काम नाही हे समोरच्याला ठाऊक होते.

नोव्हेंबरमध्ये आम्ही पुन्हा गेलो. या वेळी नमुना 4 भरला, जॉबकार्डाचे क्रमांक लिहिले आणि ग्रामरोजगार सेवकाकडून तारखेसह पोच घेतली. एका गावात मालगुजारी तलावाचा गाळ काढण्याचे, तर दुसऱ्यात धानाच्या बांध्यांच्या मजगीचे काम निघाले. तिसऱ्या गावात अजून निघालेले नाही. पण आता हातात पावती आहे आणि भत्त्याचा अर्ज दाखल आहे.

"लोक आळशी होतील"

हा आक्षेप बैठकीत आला आणि तो प्रत्येक वेळी येतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस मावळायला आला तरी बाजारात उभे असलेले मजूर आपल्याला आठवतात. रिकामे का उभे आहात, असे धन्याने विचारले तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की कुणी कामाला लावले नाही. सकाळी नऊ वाजता मजुरांच्या ठिय्यावर डबा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला आळशी म्हणता येत नाही. शिवाय उन्हात माती खणून एवढीशी मजुरी मिळवायला गरज असलेलाच माणूस येतो. ज्याला दुसरीकडे बरे काम आहे तो या हजेरीपटावर नाव घालायला येत नाही. त्यामुळे गरजू कोण हे वेगळे शोधावे लागत नाही.

योजनेत दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. मजुरी 15 दिवसांत मिळायला हवी, ती अनेकदा उशिरा मिळते. खोट्या हजेऱ्यांच्या तक्रारी राज्यात जुन्या आहेत. काही कामे पहिल्या पावसात वाहून जातात. शेतकरी बांधव म्हणतात की रोहयोमुळे मजूर मिळत नाहीत आणि मजुरी वाढते. यातले शेवटचे काही प्रमाणात खरे आहे, आणि लहान शेतकऱ्याला ते जड जाते. पण ज्या बाईला गावातच काम मिळते, ती कमी उचल देऊ करणाऱ्याला 'नाही' म्हणू शकते. तिच्या आयुष्यात हा शब्द पहिल्यांदाच तिच्या हाती आला आहे.

पाझर तलावाची गोष्ट

रोजगार हमीतून राज्यात हजारो पाझर तलाव झाले. जलसंधारण खात्याच्या एका निवृत्त अभियंत्याने मला एकदा समजावून सांगितले होते: पाणी कुठेही झिरपत नाही. जागा पाहावी लागते. खाली मुरूम किंवा भेगांचा खडक लागतो. चिकण मातीवर बांधलेला तलाव पाणी साठवील, पण विहिरींना पाझर देणार नाही. आणि चांगल्या जागीही दर काही वर्षांनी गाळ काढावा लागतो. तळ गाळाने बुजला की पाणी उन्हात उडून जाते आणि खालच्या विहिरी कोरड्याच राहतात.

पैशाचेही तसेच आहे. वर साठवला म्हणजे तो खाली पोचलाच असे होत नाही. एका गावात 50 मजूर आठवड्याचे सहा दिवस कामाला गेले, तर 2020-21 च्या दराने 71,400 रुपये गावात येतात. त्यातून तेल, मीठ, कापड, मुलांच्या वह्या घेतल्या जातात, किराणा दुकानदाराची उधारी फिटते आणि कुणी घराला चार विटा लावतो. त्या विटा कन्हानच्या भट्टीवर तयार होतात. आणि अशीच मागणी पुढे सरकत गेली तर एक दिवस हिंगण्यालाही ऑर्डर जाते.

केंद्र सरकारने 2020-21 च्या अंदाजपत्रकात मनरेगासाठी 61,500 कोटी रुपये ठेवले होते. शहरांतून माणसे गावी परतली तेव्हा त्यात आणखी 40,000 कोटी घालावे लागले आणि सुधारित अंदाज 1,11,500 कोटींवर गेला. 2020-21 या आर्थिक वर्षात 7 कोटींहून अधिक कुटुंबांनी हे काम केले. 1 फेब्रुवारी 2021 च्या अंदाजपत्रकात 2021-22 या वर्षासाठी 73,000 कोटी ठेवले गेले. रक्कम कमी झाली तरी कायद्याने दिलेला हक्क कमी होत नव्हता. म्हणून येत्या उन्हाळ्यात मागणी लेखी आणि तारखेसह असणे अधिकच गरजेचे आहे.

समितीने काय ठरवले

शिल्लक निधीचे आम्ही दोन भाग केले. पहिला भाग जे काम करू शकत नाहीत त्यांच्यासाठी: म्हातारी माणसे, आजारी आणि बाळंतिणी. त्यांना धान्यच द्यायचे, त्याबद्दल वाद नाही. दुसरा भाग नऊ गावांत नमुना 4 भरून घेणे, जॉबकार्ड नसलेल्यांची नोंदणी, बँक खात्यांची दुरुस्ती आणि येण्याजाण्याचा खर्च यासाठी. वडिलांनी हात वर करून संमती दिली आणि आपणहून सांगितले की दोन गोंड मुलांना ते कारखान्यात काम शिकायला घेतील. त्यांच्या राहण्याचा खर्च निम्मा त्यांचा, निम्मा मंडळीचा. तोही ठराव मंजूर झाला.

आपणांस विनंती एवढीच. पुढच्या पगाराच्या पावतीवर व्यवसाय कराची ओळ दिसली की ती ओझे समजून पुढे जाऊ नका. तो पैसा कशासाठी होता हे मुलांना सांगा. ज्यांना अर्ज भरता येतात अशा तरुणांनी महिन्यातला एक शनिवार आम्हांला द्यावा. येताना निळ्या शाईचे पेन आणि अंगठ्यासाठी स्टॅम्पपॅड आणावे.

तिसऱ्या गावाच्या भत्त्याचा निकाल पुढच्या अंकात कळवीन.

आपली नम्र भगिनी,
कन्हान केंद्र